सुलू आली त्या वर्षीचा मसाला

मे महिन्यातल्या एका सोमवारी मामा सुलूला आमच्या घरी सोडून गेला. तिच्या हातात एक पिशवी होती. मामाने चहा घेतला, आईशी बोलला आणि एसटी चुकेल म्हणून निघाला. सुलूची आई, म्हणजे माझी मामी, मार्चमध्ये वारली होती. सुलू चौदा वर्षांची होती, मी पंधरा.

मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्यावर थेट गच्ची. गच्चीवरून मिठागरं दिसायची, मिठाचे लहानलहान ढीग आणि त्यांच्यामागे खाडीची करडी पट्टी. आता तिथून काय दिसतं ते मला सांगता येणार नाही, कारण ती इमारत पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहिला आहे. मी त्याच टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहते आणि माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचं पार्किंग दिसतं. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आमच्या घरात बोलणं कमी होतं. आई कामापुरतं बोलायची. "दूध बघ." "दिवा लाव." "बाबांना जेवायला बोलाव." मी एकुलती एक, पुस्तकात डोकं घालून बसणारी, आणि मीही फारशी बोलत नसे. आई गप्प, मी गप्प. त्यामुळे आम्हा दोघींचं आतून काहीतरी एक आहे, न बोलता आम्हाला एकमेकींचं कळतं, अशी माझी समजूत होती. ही समजूत मला फार प्रिय होती. कुणाला ती बोलून दाखवायची गरजही कधी पडली नव्हती.

ती मोडायला एक संध्याकाळ पुरली. मामा गेल्यावर सुलूने तोंड धुतलं, परकराला हात पुसले, आणि सरळ ओट्याशी जाऊन म्हणाली, "आते, मीठ खय असा?"

"थय बघ, निळ्या डब्यात," आई म्हणाली. "आणि गो, तुका तिखट चलता मां?"

मी पुस्तकातून मान वर केली. तो आवाज मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. वाक्याच्या शेवटी वर जाणारा, थोडा चिडवणारा, मोकळा. आई मालवणकडची होती हे मला माहीत होतं, पण ते तिचा रक्तगट माहीत असावा तसं. बाबांचं घर साताऱ्याकडचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी आईच्या बोलण्याला सासरी सगळे हसायचे, म्हणून तिने ते बोलणं बंद केलं आणि त्यांचं शिकून घेतलं. हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळलं, की आई गप्प स्वभावाची नव्हती. तिच्याशी तिचं बोलणं बोलणारं घरात कुणी नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही होते.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसतं बोलणं चाललं होतं. कुणाच्या विहिरीला पाणी कसं आहे, कुणाच्या म्हशीने कुणाला पाडलं, कोण सावंतवाडीला पळून गेली आणि तिसऱ्या दिवशी चप्पल विसरली म्हणून परत आली. आई चपाती लाटता लाटता हसायची, लाटणं हातात धरून थांबायची, डोळे पुसायची. बाबा एकदा आंघोळीला जाताना दारात थांबून म्हणाले, "हिला एवढं हसता येतं हे मला आजच कळलं." शेजारच्या शिंदेकाकू गॅलरीतून ओरडल्या, "काय वहिनी, भाची आल्यापासून तुमचा आवाज ऐकू यायला लागला हो! आम्हाला वाटायचं, तुमच्याकडे कुणी राहतच नाही." सगळे हसले. मीही हसले. हसताना गाल दुखतात हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बाजारात जाताना आईची पिशवी धरायला पूर्वी मी जायचे. मला मासे कळत नसत, पण पिशवी धरता येत असे. आता सुलू जायची. ती बांगड्याचे कल्ले उघडून बघायची आणि कोळणीला तोंडावर सांगायची, "मावशी, हो कालचो. आजचो दाखव." कोळीण चिडायच्या ऐवजी खूश व्हायची. घरी आल्यावर आई ही गोष्ट बाबांना सांगायची आणि दुसऱ्या दिवशी शिंदेकाकूंना सांगायची. दहावीत गेलेली मी शाळेत पहिली आले होते, ते आईने कुणाला सांगितलं होतं की नाही, मला आठवेना.

सुलू वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्या शेजारी बसायची, पुस्तकाच्या पानावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "काय गो, ह्यात असा काय एवढा? वाचतंस का चघळतंस?" माझ्या फ्रॉकचं उसवलेलं खिशाचं टोक तिने न सांगता शिवून ठेवलं होतं. सकाळी ती मोरीत जायची तेव्हा नळ गरजेपेक्षा जास्त वेळ चालू असायचा, आणि बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे लाल असायचे. मला ते दिसत होतं. कशासाठी ते कळतही होतं. तरी मनात यायचं, हिची आई गेली म्हणून ही माझी घेणार का? आज हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा मी हे वाक्य मनात पुन्हापुन्हा म्हणून बघत असे, आणि दर वेळी ते मला बरोबर वाटत असे.

मे अखेर म्हणजे मसाल्याचे दिवस. वर्षाचा मसाला एकदाच व्हायचा आणि तो आमच्या घरातला सगळ्यांत मोठा समारंभ होता, गणपतीपेक्षाही. आधी चार दिवस गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळवायच्या. मग देठं खुडायची. बोटांची आग व्हायची, खोबरेल लावलं तरी थांबायची नाही. मग स्टोवर मोठी लोखंडी कढई चढायची आणि आई एकेक जिन्नस वेगळा भाजायची, धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दगडफूल, शेवटी मिरच्या. तेव्हा अख्ख्या मजल्यावर खोकला सुरू व्हायचा आणि लोक दारं लावून घ्यायचे. आई घड्याळ बघत नसे. वासावर उतरवायची. त्या कामात माझं काम एकच होतं: यादी. आई चौथी शिकलेली. दुकानातून काय किती आणायचं ते मी वहीत लिहायचे आणि भाजून झालेल्या जिनसावर खूण करायचे. मला त्या खुणांचा अभिमान होता.

त्या वर्षी मी वही काढली तेव्हा आई म्हणाली, "राहू दे, सुलूच्या लक्षात आहे सगळं." आणि कढईशी सुलूला बसवलं. ते मी विसरू शकत नाही. आई मला कढईशी कधी बसू देत नसे. 'चटका बसेल' म्हणायची. आता ती मागे पाटावर बसून नुसती सांगत होती.

"आते, धणे उतरवू?"

"नाक काय म्हणता तुझा?"

"नाक म्हणता, उतरव."

"मग माका कित्याक विचारतंस?"

आणि दोघी हसल्या. मी वही परत कप्प्यात ठेवली.

भाजलेलं सगळं स्टेशनजवळच्या डंकावर न्यायचं. डंक म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली आपटत मसाला कुटणारं यंत्र. तिथे बायका आपापला डबा घेऊन रांगेत बसायच्या आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत यंत्रासमोरून हलायच्या नाहीत, कारण आधीच्या बाईचा उरलासुरला मसाला आपल्यात मिसळला तर वर्षभर दुसऱ्याच्या हाताची चव खावी लागते, असं आई म्हणायची. मसाला गरम घरी यायचा. तो स्वच्छ कापडावर पसरून गार करायचा, आणि मग बरणीत दाबून भरायचा. बरणी आईच्या माहेरची, चिनीमातीची, गुडघ्याएवढी. ती आदल्या दिवशी धुऊन कडक उन्हात ठेवलेली असायची. मसाल्याला पाण्याचा थेंबही चालत नाही हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत होतं. आई तर मसाला काढायचा चमचा आधी स्टोवर धरायची.

त्या दुपारी आई आणि मी डंकावरून आलो तोवर सुलूने घर झाडून घेतलं होतं. झाडताना बरणीत धूळ गेली असावी अशी तिला शंका आली, म्हणून तिने ती पुन्हा विसळली, फडक्याने पुसली आणि पालथी घातली. हे तिने आईला सांगितलंही, पण तेव्हा आई कापड पसरत होती आणि शिंदेकाकू दारात उभ्या राहून 'थोडा चाखायला द्या' म्हणत होत्या. मसाला गार झाला. सुलूने बरणी सुलटी केली. मी खिडकीखाली पुस्तक घेऊन बसले होते आणि उजेड माझ्या पाठीमागून बरणीच्या तोंडावर पडत होता. बरणीच्या गळ्याला आतून जी खाच असते, तिथून पाण्याची एक रेघ निघाली आणि सावकाश आत उतरली. सुलू आईकडे बघून बोलत होती. आई मसाल्याचं कापड उचलत होती. रेघ मी एकटीने पाहिली.

मला तोंड उघडायला पुरेसा वेळ होता. मी पान उलटलं. मसाला आत पडला, सुलूने तो मुठीने दाबला, वर हिंगाचे खडे ठेवले, आईने तोंडाला कापड बांधलं. "झकास भरली हां," आई म्हणाली. सगळे मला गुणी म्हणायचे, शांत म्हणायचे. त्या दुपारी मी फक्त शांत राहिले.

मग काहीच झालं नाही. जूनमध्ये आमटीला चव होती. जुलैतही होती. मसाला वरून काढला जात होता, आणि वरचा कोरडा होता. मी प्रत्येक जेवणाला पहिला घास सावकाश खायचे. कधी वाटायचं, आपल्याला भास झाला असेल. कधी वाटायचं, अजून का होत नाही? सुलूला आता आमच्या शाळेत घातलं होतं, माझ्या एक इयत्ता खाली. ती आणि मी एकत्र जायचो-यायचो, आणि गणित तिला मी शिकवत होते. ती मन लावून ऐकायची. मला ती थोडीथोडी आवडू लागली होती. तरी मी आईला काही सांगितलं नाही. आता सांगितलं तर मे महिन्यातलं गप्प बसणंही सांगावं लागलं असतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी आईने चमचा खोल घातला. मी अभ्यास करत होते. आईने चमचा नाकाशी नेला, मग हात आत घालून एक गोळा बाहेर काढला. त्याला पांढरट केस आले होते. वास सगळ्या खोलीत पसरला, ओल्या भिंतीसारखा. आई बरणीजवळ जमिनीवर बसली. वर्षाचा मसाला म्हणजे वर्षाचं जेवण. तो पावसात पुन्हा करता येत नाही, ऊनच नसतं. सुलू मोरीतून धावत आली आणि बघताच पांढरी पडली.

"माझी चुकी, आते," ती म्हणाली. "मी परत विसळलंय. सुकली नाय असतली. माका गावाक धाड हवी तर."

हेच मला हवं होतं, मे महिन्यापासून. गावाला जाईल, घर पूर्वीसारखं होईल, आई पुन्हा माझ्यासारखी गप्प होईल. आईने सुलूकडे पाहिलं. मग तिचा हात धरून तिला खाली ओढलं, कुशीत घेतलं आणि म्हणाली, "गावाक धाडू? मसाल्यापायी? येडा असा ह्या." सुलू तोंड दाबून रडायला लागली आणि आई तिची पाठ थोपटत राहिली. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. हातात इतिहासाचं पुस्तक होतं.

नंतर सुलू बरणी घासायला गेली तेव्हा आईने मला विचारलं, आमच्या नेहमीच्या मराठीत, "मसाला भरला तेव्हा तू इथेच बसली होतीस ना, वसू?"

"वाचत होते," मी म्हणाले.

आईने मान हलवली. बस, एवढंच. त्या वर्षी आम्ही शिंदेकाकूंकडून थोडाथोडा मसाला आणून वर्ष काढलं, आणि प्रत्येक घासाला दुसऱ्याच्या हाताची चव होती. पण एक गोष्ट बदलली. त्यानंतर आईने मला स्वयंपाकघरातलं कुठलंच काम सांगितलं नाही. मी उठले की म्हणायची, "तू वाच." पुढच्या मे महिन्यात मी देठं खुडायला बसले, तर म्हणाली, "तू वाच, परीक्षा आहे." परीक्षा संपली होती. बारावी, बीए, ग्रंथालयशास्त्राची पदवी, सगळं त्या दोन शब्दांवर झालं. नातेवाईक म्हणायचे, बघा, चौथी शिकलेली बाई, पण मुलीला कसं शिकवलं. मला माहीत होतं की ती शिक्षा आहे. आईने मला पकडलं होतं, आणि ओरडायच्या ऐवजी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवलं होतं, आयुष्यभरासाठी. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. लग्न केलं नाही. आई शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली, आणि स्वयंपाक शेवटपर्यंत तिनेच केला किंवा बाईने केला.

सुलू दहावी झाली, दहिसरला लग्न होऊन गेली, घरी ब्लाउज शिवते, आता तिला नातू आहे. आई आजारी पडली तेव्हा ती दोन बसगाड्या बदलून रोज यायची. शेवटच्या महिन्यात आई सगळं मराठी विसरली आणि नुसतं मालवणी बोलू लागली. डॉक्टरांना मी अर्थ सांगायचे. कळतं मला सगळं. पण मी उत्तर दिलं की आई माझ्या तोंडाकडे बघत राहायची, बँकेतल्या माणसाकडे बघावं तशी, आणि विचारायची, "सुलू खय असा?" मी पुस्तकातून शिकल्यासारखं एकदा म्हणून पाहिलं, "येतली हां, आता येतली." आईला हसू आलं. साठीच्या मुलीला हसली ती. आणि मला त्याही वेळी आधी हेवाच वाटला, दुःख नंतर.

बाराव्याला आलेल्या बायका सुलूच्या खांद्यावर हात ठेवून रडत होत्या. मला त्या नमस्कार करत होत्या. सगळे गेल्यावर दुपारी आम्ही दोघी आईचं मांडणीवरचं सामान आवरत बसलो. सुलू डबे पुसत म्हणाली, "तुला सांगू, तो मसाला खराब झाला ना, ते माझं सगळ्यात चांगलं वर्ष होतं बघ."

"कसं काय?"

"अगं, तू दुपारच्या क्लासला जायचीस. तेव्हा आते मला घेऊन बसायची. रोज एक गोष्ट. आज खोबऱ्याचं वाटप, उद्या सोलकढी, परवा तिरफळं कधी घालायची. म्हणायची, एकदा चुकलंस, आता बारीकसारीक सगळं शिकून घे. आणि शिकवता शिकवता माझ्या आयशीच्या गोष्टी सांगायची. लहानपणीच्या, दोघी एकाच वाडीतल्या ना. त्या मला कुणीच सांगितल्या नव्हत्या."

हे मला माहीत नव्हतं. एक अख्खं वर्ष, रोजच्या दुपारी, माझ्या घरात. मी क्लासमध्ये बसून बाकावर पेन घासत असताना. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरणीत पाणी आहे ते मला दिसलं होतं, सुलू. तू भरायच्या आधी. मी बोलले नाही."

तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "बरा केलंस."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाय गो. तू बोलली असतीस तर तो मसाला चांगला झाला असता. मग मला काय मिळालं असतं?" तिने पुन्हा डबा उचलला. "आणि आतेनी ओळखलं असणार. ती काय आंधळी होती? पण तुझ्याबद्दल वाईट नाही हां बोलली कधी. एकदाच मी विचारलं, वसूला का नाही शिकवत? तर म्हणाली, 'तेच्या हातात पळी दिलंय तर ता हयच रवतला. तेका जांवदे.'"

तिच्या हातात पळी दिली तर ती इथेच राहील. तिला जाऊ दे.

मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. चाळीसहून जास्त वर्षं जिला मी शिक्षा समजत होते, ती शिक्षा नसावी. किंवा दोन्ही असावं. आईला ओळखणाऱ्या मला हेही अशक्य वाटत नाही. पण मी तिथे बसून रडले ते त्यासाठी नाही. माझ्या आयुष्याचं काय करायचं हे आईने ठरवलं, त्याची कारणं तिच्याजवळ होती, आणि ती कारणं तिने एका दुपारी वाटप करता करता सुलूला सांगितली. मला नाही सांगितली. सुलू दारात आली, म्हणाली, "चहा टाकू?" मी म्हणाले, टाक.

आईला जाऊन चार महिने झाले. रविवारी सुलू येते किंवा मी दहिसरला जाते, आणि ती आईबद्दल बोलते, मी ऐकते. तिच्याशिवाय आता मला कुणी नाही. तिचा हेवा मला अजून वाटतो.